फ्रेंच प्रेसमधला चहा ‘साहेबी’ आहे का?

आजचा विषय आहे फ्रेंच प्रेसमधला पानांचा चहा. आमच्या दापोड्यात हा विषय काढला की लोक हसतात. इथे गोदामांच्या रांगाच रांगा, आणि गेटवरच्या टपरीवर चालतो तो आलं घालून खळाखळा उकळलेला कटिंग. दूध नाही, उकळी नाही, तो चहा कसला? साहेबाचे नखरे! खरंच तसं आहे का, बघूया.

आधी भांडं. दाबाच्या गाळणीचं पहिलं पेटंट 1852 मध्ये फ्रान्समध्ये निघालं. आजच्या रूपाच्या जवळ जाणारं पेटंट 1929 चं, इटलीतल्या कालिमानी आणि मोनेता यांचं. दोन्ही कॉफीसाठी. म्हणजे भांडं बाहेरचं, हे कबूल.

पण बिनदुधाचा चहा? महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये लुटलेली सुरत आठवा. तिथे 1689 मध्ये ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री आला. त्याने लिहून ठेवलंय की तिथले बनिये चहात गरम मसाले घालून तो डोकेदुखीवर, पोटदुखीवर घेत. सोबत खडीसाखर किंवा मुरवलेलं लिंबू. आसामात चहाचे मळे लागायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

मग उकळी कुठून आली? आसामच्या चहाचा पहिला लिलाव जानेवारी 1839 मध्ये झाला, तोही लंडनमध्ये. पेट्या होत्या 8. चांगलं पान पुढेही बाहेरच जात राहिलं. 1903 मध्ये चहावर कर बसला आणि त्या पैशातून जाहिराती सुरू झाल्या. पुढे रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांत पाट्या लागल्या. त्या शिकवत होत्या की किटलीत पानं टाका, वरून उकळतं पाणी ओता, थांबा. आपल्या चहावाल्यांनी ऐकलं नाही. त्यांनी थोडी पत्ती, भरपूर दूध-साखर घालून सगळं एकत्र उकळलं. कमी पत्तीत जास्त कप!

1930 च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं. ते पान चिरडून, फाडून त्याचे दाणे करतं. दाणे झटपट कडक रंग सोडतात आणि दुधात टिकतात. स्वातंत्र्यानंतर हाच स्वस्त चहा घराघरात गेला. आपण ज्याला ‘खरा चहा’ म्हणतो, तो असा हिशोबातून घडला. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि गंमत बघा. 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. चहाचे ते विरोधकच. तरी गाळणीतल्या पानांवर उकळतं पाणी ओतून उतरलेला फिकट चहा त्यांना चालण्यासारखा वाटला. त्यांचा राग होता तो टॅनिनवर, म्हणजे कातडी कमवायला वापरतात त्या द्रव्यावर.

तर करायचं कसं? एका कपाला एक चमचा अख्खी पानं. नुकतं उकळलेलं पाणी ओता, 3-4 मिनिटं थांबा, दांडा हळूच दाबा. आणि सगळा चहा लगेच कपांत ओता. कारण जाळीखाली दबलेली पानं पाण्यातच असतात. चहा तसाच ठेवला तर टॅनिन उतरत राहतं आणि चहा तुरट होतो. कॉफीचा प्रेस असेल तर आधी नीट धुवा, नाहीतर वास येतो. टपरीवरचे दाणे यात टाकू नका, ते जाळीतून निसटतात.

कटिंगला कटिंगचा मान, पानाला पानाचा. पुन्हा कोणी ‘साहेबी’ म्हणालं, तर त्याला सुरतेची गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात!