जिंगफॉ भाषा आणि तिचे भाषक

म्यानमारच्या (पूर्वीच्या ब्रह्मदेशाच्या) उत्तरेकडील डोंगराळ मुलखात राहणाऱ्या काचिन लोकांमध्ये एक जुनी आख्यायिका सांगितली जाते. परमेश्वराने सर्व लोकांना अक्षरे वाटली, तेव्हा काचिनांच्या पूर्वजाला ती कातड्यावर लिहून मिळाली. परतीच्या वाटेवर त्याला भूक लागली. त्याने ते कातडे भाजून खाल्ले आणि अक्षरे त्याच्या पोटात गेली. आपल्या भाषेला लिपी का नव्हती, याचे उत्तर ते लोक या कथेतून देत. ही भाषा म्हणजे जिंगफॉ. तिला पुढे लिपी कशी लाभली आणि त्या लिपीने या भाषेला कसे तारले, याची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

प्रदेश आणि लोक

जिंगफॉ ही तिबेटो-बर्मन भाषाकुलातील भाषा असून तिचे भाषक सुमारे नऊ लाख असावेत, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य म्यानमारच्या काचिन राज्यात आणि शान राज्याच्या उत्तर भागात राहतात. चीनच्या युनान प्रांतातील देहोंग विभागातही ती बोलली जाते. भारतात अरुणाचल प्रदेशाचा पूर्व भाग आणि आसामचा तिनसुकिया जिल्हा येथे हेच लोक सिंगफो या नावाने ओळखले जातात. मात्र भारतातील सिंगफो मुख्यतः बौद्धधर्मीय आहेत. आसामच्या रानात चहाची झाडे आहेत, ही माहिती १८२३ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला बिसा गाम या सिंगफो प्रमुखाकडूनच मिळाली, असे सांगितले जाते.

काचिन आणि जिंगफॉ हे शब्द समानार्थी नाहीत. काचिन या नावाखाली जिंगफॉ, झाइवा, लावो, लाचिक, रावांग आणि लिसू असे अनेक समूह येतात. त्यांच्या बोली वेगवेगळ्या असल्या, तरी परस्परांशी बोलताना आणि उपासनेत एकत्र येताना त्यांतील अनेकजण जिंगफॉचाच आधार घेतात.

भाषेचे स्वरूप

मराठीप्रमाणे जिंगफॉतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘ङाइ’ म्हणजे मी, ‘शात’ म्हणजे भात आणि ‘शा’ म्हणजे खाणे. याच क्रमाने शब्द ठेवले की ‘मी भात खातो’ हे वाक्य तयार होते. वाक्याच्या अखेरीस कर्त्यानुसार बदलणारा एक लहानसा शब्द जोडण्याची जुनी पद्धत आहे. रोजच्या बोलण्यात ती मागे पडत चालली आहे. औपचारिक आणि ग्रांथिक भाषेत मात्र टिकून आहे. भाषेत चार सूर आहेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो.

‘खा’ म्हणजे पाणी किंवा नदी. मली खा आणि न्माई खा या दोन नद्यांच्या संगमातून म्यानमारची जीवनवाहिनी ऐरावती उगम पावते. मुलांची नावे जन्मक्रमानुसार ठेवली जातात. थोरला मुलगा गाम, दुसरा नॉ, तिसरा ला. थोरली मुलगी कॉ, दुसरी लू, तिसरी रॉय. बानमॉ धर्मप्रांताचे पहिले बिशप रेमंड सुमलुत गाम यांच्या नावातील ‘गाम’ हा शब्द ते थोरले पुत्र असल्याचे सांगतो.

लिपीचा जन्म

आरंभी काही मिशनऱ्यांनी जिंगफॉसाठी बर्मी अक्षरे वापरून पाहिली. परंतु ती या भाषेच्या उच्चारांना सोयीची ठरली नाहीत. १८९० मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी ओला हॅन्सन भामो येथे आले. लोकांमध्ये राहून त्यांनी भाषा आत्मसात केली, रोमन अक्षरांवर आधारित लेखनपद्धती सिद्ध केली आणि १९०६ मध्ये काचिन भाषेचा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यांनी केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद १९२७ मध्ये प्रकाशित झाला. पूर्वजांच्या श्रद्धेतील सर्वश्रेष्ठ ईश्वराचे ‘कराई कसांग’ हे नावच ख्रिस्ती प्रार्थनेतही रूढ झाले.

काथलिक ख्रिस्तसभेचे कार्य

या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस परदेशी मिशन संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू आले. त्यांपैकी फादर शार्ल झिलोद यांनी काचिनांचा धर्म व चालीरीती यांवर लिहिलेला ग्रंथ १९२२ मध्ये कोलकाता येथे छापला गेला. १९३६ मध्ये आयर्लंडच्या कोलंबन धर्मगुरूंनी हे कार्य हाती घेतले. १९६१ मध्ये म्यित्किना धर्मप्रांताची आणि २००६ मध्ये बानमॉ धर्मप्रांताची स्थापना झाली.

१९६२ मध्ये म्यानमारमध्ये लष्करी राजवट आली. पुढे मिशनच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि स्वातंत्र्यानंतर आलेल्या परदेशी मिशनऱ्यांना १९६६ मध्ये देश सोडावा लागला. सरकारी शाळांत बर्मी भाषेचेच वर्चस्व राहिले. अशा वेळी जिंगफॉ वाचायला-लिहायला शिकवण्याची जबाबदारी विविध ख्रिस्ती पंथांच्या चर्चेसनी उचलली. उन्हाळी सुटीतील वर्ग, धर्मशिक्षण, गीतपुस्तके आणि बायबल यांच्या आधाराने कित्येक मुलांनी आपल्या मातृभाषेची अक्षरे गिरवली.

आजची स्थिती

काचिन संघटना आणि लष्कर यांच्यातील १९९४ चा युद्धविराम जून २०११ मध्ये मोडला. तेव्हापासून एक लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यित्किनाच्या रस्त्यावर सिस्टर अ‍ॅन रोज नू तॉंग यांनी सशस्त्र पोलिसांपुढे गुडघे टेकून आंदोलक तरुणांच्या प्राणांची याचना केली. ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. मार्च २०२५ मध्ये बानमॉ येथील संत पॅट्रिक कॅथेड्रल आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

घर सुटले की गाव सुटते आणि गाव सुटले की भाषाही विरळ होऊ लागते. छावणीत वाढणाऱ्या मुलाला आजी-आजोबांची भाषा मिळेल की नाही, ही तेथील कुटुंबांची खरी चिंता आहे. तरीही लोक प्रार्थनेसाठी जमतात, तेव्हा जिंगफॉ शब्द मोठ्याने वाचले जातात आणि लहान मुले ते ऐकतात. पूर्वजाच्या पोटात गेलेली अक्षरे आज त्यांच्या ओठांवर आहेत. ती तेथे टिकावीत आणि त्या भूमीला शांती लाभावी, यासाठी आपणही प्रार्थना करू या.