बसऱ्याहून आलेली मनिऑर्डर

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानी पायदळातील साध्या शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. हा आकडा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, आणि ज्या स्वरात तो सांगत आलो त्याविषयीच प्रस्तुत लेख आहे. स्वर असा की, पाहा, अकरा रुपयांसाठी ही माणसे परक्याच्या लढाईत मेली. 'पोटार्थी' हा शब्द आम्ही प्रत्यक्ष उच्चारला नसेलही. पण विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घेतलाच. राष्ट्रीय चळवळीच्या वाङ्मयावर पोसलेल्या आमच्यासारख्यांना गोऱ्या सरकारच्या शिपायाविषयी याहून वेगळे काही वाटणे कठीणच होते.

मात्र एक साधा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. हे अकरा रुपये जात कोठे होते? बसऱ्यात कमावलेला पैसा साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या वाडीवर पोचत कसा होता? लढायांच्या इतिहासात याचे उत्तर मिळत नाही. ते टपाल, टांकसाळ आणि पलटणीचे हिशेब यांच्या इतिहासात विखुरलेले आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तिकडे फिरकण्याची सहसा सवय नसते.

आरंभ घोडदळापासून करणे सोयीचे, कारण तेथले शब्द आपले आहेत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा दुसऱ्याने दिला तो बारगीर, हा भेद मराठी वाचकाला बखरींपासून ठाऊक आहे. इंग्रजांनी आपले बहुतेक हिंदुस्थानी घोडदळ याच शिलेदारी पद्धतीवर उभे केले होते. भरती होणाऱ्या स्वाराने रिसाल्यात एक ठरावीक रक्कम भरावयाची. तिला 'असामी' म्हणत. तिच्या मोबदल्यात घोडा, खोगीर, साजसरंजाम मिळे, आणि नोकरी सुटताना रक्कम परत होई. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याला रिसाला उसने देई व पगारातून हप्त्याने कापून घेई. घोडा मेला तर सर्वांच्या मासिक वर्गणीतून जमलेल्या 'चंद्या'तून मदत होई. ठेव, कर्ज आणि विमा अशी तिन्ही कामे एकाच छत्राखाली चालत. बँक हा शब्द कोणी वापरत नसे एवढेच. शिलेदारीतील स्वार एका अर्थाने आपल्या रिसाल्याचा भागधारक असे. नोकरीत येताना तो भांडवल घेऊन येई.

ही पद्धत समुद्र ओलांडून टिकली नाही. पूना हॉर्ससारखे रिसाले १९१४ मध्ये फ्रान्सला गेले आणि तेथे घोडे, खोगिरे, कपडे यांची भरपाई स्वारांच्या वर्गणीतून होणे अशक्य झाले. सरकारला सगळा पुरवठा स्वतःकडे घ्यावा लागला. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी कायमची गेली. पानिपतानंतरही तगलेला एक मराठी शब्द फ्लँडर्सच्या चिखलात निकामी झाला, याची नोंद आमच्या शब्दकोशांनी घ्यायला हरकत नव्हती. असो.

पायदळाची गोष्ट निराळी. शांततेच्या काळात शिपायाने आपला शिधा पगारातूनच घ्यावयाचा असे. पलटणीबरोबर असणाऱ्या बनियाकडे त्याचे खाते असे आणि महिनाअखेरीस हातात फारसे काही उरत नसे. मोहिमेवर मात्र शिधा सरकारी. म्हणजे परदेशी गेलेल्या शिपायाच्या हिशेबात शिल्लक दिसू लागली, आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात ती खर्च करायला जागाही नव्हती. तिकडे युद्धकाळात गेलेल्या हिंदी शिपायांची आणि बिनलढाऊ नोकरांची एकूण संख्या सहा लाखांच्या घरात होती. शिवाय ही माणसे निघाली त्याच वेळी पगाराचा काही भाग परस्पर घरी द्यावा अशी नोंद करण्याची सोय होती. त्यासाठी कारकुनासमोर उभे राहून एक नाव सांगावे लागे. कोणाचे? आईचे, की बायकोचे? थोरल्या भावाचे सांगितले तर बायकोच्या हातात काय पडणार? एकत्र कुटुंबात ज्या प्रश्नाचे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, ते त्याला सरकारी कागदावर लिहून द्यावे लागत होते. आमच्या कादंबरीने एकत्र कुटुंबावर शेकडो पाने खर्च केली. हा एक क्षण तिच्या नजरेतून निसटला.

उरलेले काम टपालखात्याचे. हिंदुस्थानात टपालातून मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि पोस्टाची बचत बँक १८८२ मध्ये. महायुद्धात प्रत्येक हिंदी फौजेबरोबर रणक्षेत्रावरील टपालकचेऱ्या गेल्या. फ्रान्सची फौज 'ए', पूर्व आफ्रिकेच्या 'बी' व 'सी', मेसोपोटेमियाची 'डी' अशी अक्षरे होती, आणि हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही तीन अक्षरे छापून ती तेथे वापरली जात. तंबूतल्या त्या कचेरीत पत्रांप्रमाणेच मनिऑर्डरीचेही काम चाले. हिंदुस्थानी मनिऑर्डरीचा एक विशेष असा की, पैसे घ्यायला कचेरीत जावे लागत नसे. पोस्टमन ते दारात आणून मोजून देई. घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. आणि फॉर्मच्या शेवटी, दोन-चार ओळी मावतील एवढे, कूपन असे.

या कुपनाकडे आम्ही पत्रवाङ्मय शिकवणाऱ्यांनी कधी पाहिलेच नाही. फ्रान्समधील हिंदी शिपायांच्या पत्रांचा बोलबाला खूप झाला. कॅप्टन हॉवेल यांच्या देखरेखीखालच्या तपासणी कचेरीने ती उघडून वाचली, त्यांतील उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे करून अहवालांना जोडली, आणि त्या अहवालांतून डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये एक संग्रह सिद्ध केला. त्या पत्रांत युद्धाच्या वर्णनाइतकीच पैशाची विचारपूस आहे : पोचले का, किती पोचले, कोणी घेतले. पण मराठी पत्रे त्यात अगदी थोडी, कारण मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियाकडे होत्या. आणि जी आहेत ती इंग्रजीतच उरली आहेत. ज्याने ती सांगितली त्याचे मराठी, ज्याने ती लिहून दिली त्याचे मराठी, दोन्ही गेले. अशा वेळी मनिऑर्डरीची पोच हा दस्तऐवज आम्हांला विलक्षण वाटतो. लिहिता न येणाऱ्या आईचा अंगठा समुद्र ओलांडून लिहिता न येणाऱ्या मुलाच्या हातात पडायचा. मध्ये लेखनिक नाही, भाषांतरकार नाही. तपासनिसाने त्यात खोडावे तरी काय?

येथे चांदीचा विषय काढला पाहिजे, कारण त्यावाचून ही गोष्ट अर्धवट राहील. मेसोपोटेमियात इंग्रजी फौजेबरोबर हिंदी रुपया गेला आणि तेथेच रुजला. १९३२ मध्ये इराकी दिनार येईपर्यंत बगदादचा बाजार रुपयांत चालत होता. फौजेचा पगार आणि युद्धासाठी हिंदुस्थानात चाललेली प्रचंड खरेदी यांसाठी रुपये पाडता पाडता टांकसाळींना चांदी पुरेना. त्यातच चांदीचा भाव असा चढला की, रुपया वितळवणे हे तो खर्च करण्यापेक्षा किफायतीचे ठरू लागले, आणि सरकारला १९१७ मध्ये नाणी वितळवण्यास बंदी करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर एक रुपयाची कागदी नोट निघाली. १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची निघाली. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या एप्रिलमध्ये पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातील २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. अडीच रुपयांची नोट आज संग्राहकांच्या काचेआड आहे. तिचा जन्म कोणत्या घाईत झाला हे पाहणाऱ्याला सहसा माहीत नसते.

आता पोस्टमन वाडीवर येतो आणि म्हातारीच्या हातावर रुपयांऐवजी कागद ठेवतो, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. रुपया एक तोळा वजनाचा होता. तो दगडावर आपटून आवाज ऐकता येई. मराठीत 'बंदा रुपया' आणि 'खणखणीत नाणे' हे शब्दप्रयोग माणसाच्या चारित्र्याला लावले जातात ते या आवाजामुळेच. नोटेवर देशी भाषांतही मूल्य छापलेले होते खरे, पण ज्याला अक्षरच येत नाही त्याला आपली लिपी आणि परकी लिपी सारखीच. सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवा, एवढेच तो कागद म्हणत होता. आणि मुलाला घेऊन गेलेले सरकारही तेच. १९१८ मध्ये नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची मुंबईत झुंबड उडाली होती. वाडीवरच्या म्हातारीचे त्या शहरी ठेवीदारांशी निदान एका बाबतीत मतैक्य असणार.

याच सुमारास सरकारला गरिबाच्या बचतीची आठवण झाली. १९१७ मध्ये हिंदुस्थानने इंग्लंडला १० कोटी पौंड 'देणगी' दिली (अवतरणचिन्हे आमची) आणि त्यासाठी युद्धकर्ज उभारले गेले. त्याबरोबरच पोस्टात पाच वर्षांची कॅश सर्टिफिकिटे विक्रीस आली. ७ रुपये १२ आणे आज भरा, पाच वर्षांनी १० रुपये घ्या. आर्थिक साक्षरता म्हणून आज जे काही सांगितले जाते त्याचा हा आरंभीचा धडा म्हणावयास हरकत नाही, आणि तो हिशेबाच्या दृष्टीने खोटाही नव्हता : सव्वापाच टक्क्यांच्या आसपास व्याज पडत होते. फक्त शिकवणाराच कर्जदार होता.

तेव्हा शिपायाच्या घरी हा पैसा गेला कोठे? जो प्रदेश त्याला ठाऊक होता तेथे सुपे गावचा १८७५ चा उठाव होऊन चाळीस वर्षे झाली होती, १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा होता, १९०४ पासून सहकारी पतपेढ्याही निघू लागल्या होत्या. आणि सावकार जागेवरच होता. पंजाबविषयी माल्कम डार्लिंग यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात जो विचार मांडला तो येथे आठवतो. कर्ज दारिद्र्यानेच वाढते असे नाही, समृद्धीनेही वाढते. कारण ज्याची पत वाढते त्याला कर्ज सहज मिळते. आमच्या भाषेत 'पत' या एकाच शब्दात अब्रूही आहे आणि उधारीची ताकदही. ज्याचा मुलगा दरमहा मनिऑर्डर पाठवतो त्याची गावात पत वाढते, दोन्ही अर्थांनी. त्यातून जमीन सुटते किंवा लग्नाचा खर्च वाढतो. मुल्कराज आनंद यांचा लालू 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' (१९३९) मध्ये खंदकात बसून घरच्या जमिनीचा विचार करत असतो, तो याच कारणाने. ही माणसे पोटार्थी होती, असे म्हणताना आपण त्यांच्या पोटाचाच विचार करतो. तिकडे हिशेब सातबाऱ्याचा चालला होता.

अकरा रुपयांशेजारी दुसरा एक आकडा ठेवल्याशिवाय पुढे जाववत नाही. सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे कोंडले. आत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सुटकेचे सर्व प्रयत्न फसल्यावर इंग्रजांनी ऑब्रे हर्बर्ट, टी. ई. लॉरेन्स प्रभृतींना खलील पाशाकडे पाठविले. वेढा उठवावा म्हणून देऊ केलेली रक्कम वाढत वाढत २० लाख पौंडांपर्यंत गेली होती. तुर्कांनी ती नाकारली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली, त्यांत बहुसंख्य हिंदी. हजारो बंदिवासातच मेली.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या घातली. अमुक पलटण, इतके शिपाई. नावे मिळण्यासारखी नव्हती असे कोणी म्हणेल, तर ते पटणारे नाही. भरतीच्या कागदावर शिपायाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव लिहिलेले असे. त्याच्या पगारातून घरी रक्कम जावयाची तर नाव हवेच; तो मेल्यावर वारसाला निवृत्तिवेतन द्यावयाचे तर नाव हवेच. जे सरकार अकरा रुपयांसाठी नाव अचूक लिहीत होते, त्यालाच दगडावर ते लिहिण्याची गरज भासली नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ च्या एप्रिलमध्ये स्मरणातील ही विषमता मान्य केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली. स्मारक तोवर जागेवरही नव्हते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते बसऱ्यापासून दूर, नासिरियाच्या रस्त्यावर, हलविले गेले होते.

आणि आपण? चंद्रधर शर्मा गुलेरींची 'उसने कहा था' ही कथा १९१५ मध्येच, युद्ध चालू असताना, हिंदीत आली. तिच्या तोडीची मराठी कथा आम्हांला दाखविता येत नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत मात्र एक लहानशी संगमरवरी पाटी भिंतीत बसविलेली आढळते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. तेथेही संख्याच. पाटीवर चुना लागलेला असतो, शेजारी पंचायतीची नोटीस डकवलेली असते.

गेल्या काही वर्षांत आम्ही एम. ए. च्या विद्यार्थ्यांना गावी जाताना एक काम सांगतो. पाटीचा फोटो नको. घरातली पत्र्याची पेटी उघडायला सांगा. जमिनीचे कागद, जुनी पासबुके, पोस्टाच्या पावत्या बघा. आतापर्यंत दोन पासबुके आणि एक निवृत्तिवेतनाचा कागद हाती आला आहे, तिन्ही दुसऱ्या महायुद्धानंतरचे. बसऱ्याच्या शिक्क्याचे कूपन अजून मिळालेले नाही.