मराठी सहावी कीं इंग्रजी दुसरी?



अकरा-बारा वर्षांचें मूल प्राथमिक शाळेंतलें कीं माध्यमिक शाळेंतलें, हा प्रश्न आज शिक्षणखात्याच्या कागदांतला वाटतो. पुण्याच्या वाड्यांतून मात्र तो एके काळीं माजघरांत बसून सोडवावा लागे, आणि त्याचें उत्तर त्या मुलाला जन्मभर पुरे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांत जी रचना रूढ झाली ती अशी. मूल प्रथम मराठी शाळेंत जाई. मराठी चौथी झाली कीं वाट फुटे. ज्याला मॅट्रिक व्हावयाचें, तो इंग्रजी पहिलींत नांव घाली आणि सात इयत्ता चढून विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेस बसे. ज्याला तें परवडत नसे, तो मराठी शाळेंतच पांचवी, सहावी, सातवी करून व्हर्नाक्युलर फायनल देई. म्हणजे आज ज्यांना आपण सहावीचीं मुलें म्हणतों, तीं तेव्हां दोन घरांत बसलेलीं असत. एक मराठी सहावींत, दुसरें इंग्रजी दुसरींत. वय तेंच, परंतु पहिल्याची धांव फार तर तलाठ्याच्या किंवा शाळामास्तरच्या जागेपर्यंत, आणि दुसऱ्यापुढें वकिली, मामलेदारी, प्रोफेसरकी असें सारें मोकळें. मराठी फायनल झालेल्या मास्तरांनीं महाराष्ट्रांतल्या कित्येक पिढ्या शिकविल्या, हें खरें. पण इंग्रजी वाटेवरच्या माणसानें त्यांना आपल्या बरोबरीचें मानलें, असें फारसें दिसत नाहीं.

२ जानेवारी १८८० रोजीं चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनीं पुण्यांत जी शाळा काढली, तिचें नांव न्यू इंग्लिश स्कूल. राष्ट्रीय वृत्तीच्या माणसांनीं असें नांव कां ठेवावें, असें आज कोणासही वाटेल. त्या काळीं तें नांव ही कोणत्या वाटेची शाळा, एवढेंच सांगणारी पाटी होती. पुढें १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिची नवीन मराठी शाळा निघाली ती १८९९ सालीं. हायस्कूल आधीं आणि बिगारी मागून, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

घरांत दोन मुलगे असले म्हणजे एकालाच इंग्रजींत घालण्याचा विचार होई. दुसरा मराठींतच राही. निवड बहुधा नऊ-दहा वर्षांच्या मुलाचें पाठांतर ऐकून, कधीं केवळ घरच्या खर्चाकडे पाहून होई. मुलींच्या बाबतींत इतका खल करण्याचीही गरज पुष्कळांना वाटत नसे. १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा निघाली, तरी मराठी चार बुकें झालीं कीं मुलीचें शिक्षण संपलें, अशीच समजूत बहुतेक घरांत होती.

ही रेघ नेमकी कोठें मारावी, याविषयीं पुण्यांतल्याच दोन थोर पुरुषांनीं वेगवेगळे आंकडे सांगितले. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुल्यांनीं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, अशी मागणी केली. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि खर्च वरच्या शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. पुढें १९११ सालीं गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत जें बिल मांडलें, त्यांत सक्तीचें वय सहा ते दहा होतें, आणि तेंही आरंभीं मुलांपुरतेंच. सरकार अधिक पैसा देणार नाहीं, हें ओळखून गोखल्यांनीं पाऊल आंखडतें घेतलें असावें, असें मला वाटतें. तरीही १९१२ च्या मार्चमध्यें तें बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं नापास झालें. दहा आणि बारा यांत दोनच वर्षांचें अंतर. पण दहाची रेघ मराठी चौथीशीं संपते आणि बाराची सहावीला पोटांत घेते. माझा कल फुल्यांकडे आहे.

१९३७ सालच्या वर्धा योजनेनें सात ते चौदा हा एकच अखंड टप्पा कल्पिला. १९४४ च्या सार्जंट अहवालानें तो तोडून सहा ते अकरा आणि अकरा ते चौदा असे दोन भाग केले. स्वातंत्र्याच्या सुमारास खेर मंत्रिमंडळानें इंग्रजीचा आरंभ आठवीवर नेला. इंग्रजी पहिलीची पांचवी झाली, आणि मराठी सहावी व इंग्रजी दुसरी यांतला मुख्य भेद एका फटक्यासरशीं पुसला गेला. पांढरपेशा वर्गांत कुरकुर पुष्कळ झाली. पुढें महाराष्ट्र राज्यांत इंग्रजी पुन्हा पांचवीवर आली, आणि २००० सालीं ती पहिलीलाच येऊन बसली. तेव्हांपासून ती या इयत्तांमधली भिंत राहिली नाहीं.

तरी इमारतीची भिंत उरलीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवी आणि सहावी ते आठवी अशी विभागणी केली, म्हणजे सार्जंटसाहेबांचीच अकराची रेघ. सहावीपासून भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रें यांना निरनिराळे शिक्षक असावेत, असें तो कायदा म्हणतो, आणि तें योग्यच आहे. विषय जाणणारा शिक्षक या वयापासून हवा. पण त्यासाठीं मूलच दुसऱ्या शाळेंत पाठवावें कां? पुण्याच्या जुन्या संस्थांतून पुष्कळ ठिकाणीं आजही चौथीनंतरच शाळा बदलते. कायद्याची रेघ पांचवीनंतर, आणि रिवाजाची त्याआधीं. शहरांत याचें कांहीं बिघडत नाहीं. नवी शाळा बहुधा दोन गल्ल्या पलीकडे असते.

खेड्यांत मात्र तसें नसतें. नियमांत प्राथमिक शाळेसाठीं एक किलोमीटर आणि पुढच्या इयत्तांसाठीं तीन किलोमीटर अंतर धरलें आहे. ज्या गांवची शाळा चौथी-पांचवीशीं संपते, तेथें सहावींत गेलेल्या मुलीला रोज शेजारच्या गांवची वाट चालावी लागते, आणि पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें कीं तिचे वडील प्रथम तिलाच घरीं ठेवतात.