जुन्या गाडीचा सौदा : नायगाव परिसर

नायगाव हे नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजारगाव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तो रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. बेताच्या पैशांत वापरलेले वाहन घेण्याची इथली रीत या रस्त्याने घडवली आणि त्याआधी आसपासच्या जनावरांच्या बाजारांनी.

बैल आणि घोडे हेच वाहन होते तेव्हा विकायला आलेले जवळपास प्रत्येक जनावर आधी कोणाच्या तरी दावणीला राहिलेले असे. लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्षात भरणारी खंडोबाची यात्रा घोडे, गाढवे आणि उंटांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैलांसाठी उदगीरकडचा हाळी-हंडरगुळीचा बाजार. कंधार भागातली लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी या गोवंशाच्या नामांकित जाती याच टापूतल्या. जनावराचे वय दातांवरून ठरे : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. मग बैल चालवून, जुंपून पाहायचा. भाव रुमालाखाली बोटे दाबून व्हायचा आणि इसार दिला की सौदा पक्का. या सगळ्यात महत्त्वाचा होता तो दलाल. बैल मारका निघाला किंवा कामाला बसू लागला, तर घेणारा पुढच्या बाजारी त्यालाच गाठत असे. लेखी हमी नव्हती, पण जाब विचारायला माणूस होता.

मोटार या भागात आधी सार्वजनिक वाहन म्हणून आली. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. खासगी मोटार मोजक्या श्रीमंतांकडे आणि बड्या अधिकाऱ्यांकडेच असे. स्वातंत्र्यानंतरही सामान्य माणसाला जुनी मोटार स्वस्तात मिळाली नाही, याचे कारण आज विचित्र वाटेल : जुनी गाडी स्वस्त नव्हतीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर यांचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले होते. १९५९ च्या केंद्रीय नियंत्रण आदेशाने गाड्यांचे वाटप आणि विक्री सरकारी देखरेखीखाली आणली. नंबर लागायला वर्षे जात, म्हणून दारात उभी असलेली वापरलेली गाडी कधी कधी नव्या गाडीच्या किमतीपेक्षा महाग विकली जाई. बजाजच्या स्कूटरचीही तीच गत होती. बाजारात टंचाई असली की जुन्या वस्तूचे दोष झाकले जातात, आणि त्या काळात ते भरपूर झाकले गेले.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरचे परवान्याचे बंधन उठले आणि जुन्या गाडीचा भाव खऱ्या अर्थाने उतरला. शहरांनी टाकलेल्या फियाट आणि ॲम्बेसेडर तालुक्याच्या गावांत आल्या, पाठोपाठ जुन्या मारुती. पण मराठवाड्याच्या रस्त्यांवरचे त्या काळातले खरे वाहन म्हणजे जीप. महिंद्राची कमांडर आणि मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स ही वाहने काळी-पिवळी म्हणून प्रवासी वाहू लागली. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावांना त्यांचाच आधार होता. घेणाऱ्याचा हिशेब चैनीचा नव्हता, रोजच्या फेऱ्यांचा होता. म्हणून गाडी दिसते कशी यापेक्षा डिझेल किती खाते आणि सुटे भाग नांदेडात मिळतात का, हे आधी विचारले जाई. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याचा उद्योगही याच हिशेबातून चालला. असा बदल आरसीवर नोंदवला नसेल तर पुढच्या मालकाला तो पासिंगच्या वेळी नडे.

दलालाची जागा आता फिटरने घेतली. त्याची परीक्षा आजही बदललेली नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे, कारण तापवून ठेवलेले इंजिन खोड लपवते. निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. डिझेल गाडी सतत काळा धूर ओकत असेल तर इंधन नीट जळत नाही. दरवाज्यांच्या फटी सारख्या नसतील, पत्र्याच्या रंगात फरक असेल, तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. मीटर मागे फिरवता येते, पण झिजलेले पेडलचे रबर आणि खचलेली सीट मागे फिरवता येत नाही. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहायचा, तोही कागदावर प्रिंट घेऊन.

फिटरला लोखंड कळते. गाडीवर कोणाचे कर्ज आहे हे त्याला दिसत नाही, आणि इथली बहुतेक फसगत तिथेच झाली. बँका जुन्या वाहनांना कर्ज द्यायला नाखूश असत. ती पोकळी खासगी फायनान्सने भरली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सचा व्यवसायच मुख्यतः जुन्या मालवाहू गाड्यांच्या कर्जावर वाढला. फायनान्सचा बोजा आरसीवर असताना गाडी केवळ बाँडवर लिहून विकायची, हप्ते नव्या मालकाने भरायचे आणि नाव जुन्याचेच ठेवायचे, अशी वाट अनेकांनी धरली. हप्ता थकला की गाडी उचलून नेली जाई आणि भरलेले पैसे बुडत.

विकणाराही यात सुरक्षित नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार विक्रीनंतर मालकीबदल परिवहन कार्यालयाला कळवावा लागतो. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी चार हातांत फिरली तरी फरक पडत नाही. नांदेडच्या एमएच २६ किंवा लातूरच्या एमएच २४ पासिंगची गाडी असेल तर ही कामे जवळच्या जवळ उरकतात. तेलंगणातून आलेल्या गाडीला मात्र तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर लागतो. सीमेपलीकडची स्वस्त गाडी हा खर्च धरल्यावर बरेचदा स्वस्त उरत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आल्यावर तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. त्यांनाही हेच लागू आहे.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. विक्रेत्याकडे नोंदणी कार्यालयाचे अधिकारपत्र असले पाहिजे, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना त्या कार्यालयाला गेली पाहिजे. गाडी ताब्यात असेपर्यंत तिची जबाबदारी त्याची. रुमालाखाली हात घालणाऱ्या दलालावर बाजाराने जे ओझे टाकले होते, ते कायद्याने इतक्या उशिरा टाकले. घेणाऱ्याने इसार देण्याआधी हे अधिकारपत्र मागावे, आरसीवरचा बोजा पाहावा आणि मालकीबदलाचे अर्ज सह्यांसह हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत.