साउंड कार्डचा इतिहास : आवाज डब्यात कसा गेला आणि बाहेर कसा आला

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, थोडं नीटनेटकं करून.

"घरी गाणी रेकॉर्ड करायची आहेत, कोणतं साउंड कार्ड घेऊ?" हा प्रश्न मला एरंडोलचे मित्रही विचारतात आणि ऑफिसातले सहकारीही. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून बहुतेकांना एका मॉडेलचं नाव हवं असतं. पण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. कार्डात नेमकं काय बघायचं ते मात्र गेल्या पस्तीस वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. म्हणून आज आधी इतिहास, मग खरेदी.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करू. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ओव्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व नात्यातले पितांबर चौधरी त्या उतरवून घ्यायचे. त्या वह्यांमुळे १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. शब्द वाचले. पण त्या कुठे थांबायच्या, कोणता स्वर लांबवायच्या, हे कागदावर उतरत नाही.

तोवर भारतात रेकॉर्डिंग येऊन पन्नास वर्षं होत आली होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. गायकाने भोंग्यासमोर जोरात गायचं आणि जेमतेम तीन मिनिटांत संपवायचं. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, तेव्हा कुठे हळू आवाजालाही जागा मिळाली. पण यंत्र शहरात आणि कंपनीच्या हातात. जात्यावरची बाई तिथवर पोहोचणं अवघडच.

आता थेट १९८० च्या दशकात. तेव्हाच्या पीसीला आवाज म्हणजे फक्त 'बीप'. १९८७ मध्ये ॲडलिब नावाचं कार्ड आलं. त्यावर यामाहाची चिप होती, तिच्यातून गेममध्ये संगीत वाजायचं, पण बाहेरचा आवाज आत घेता येत नव्हता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं. सिम वाँग हू हे तिचे संस्थापक, स्वतः हार्मोनिका वाजवणारे. त्यांनी तीच यामाहाची चिप घेतली आणि सोबत डिजिटल आवाज वाजवायची व माइकमधून रेकॉर्ड करायची सोय दिली. वर जॉयस्टिकचं पोर्ट! गेमवाल्यांनी ते उचलून धरलं.

रेकॉर्डिंगच्या दृष्टीने ते कसं होतं? ८ बिट, आणि सेकंदाला जास्तीत जास्त १२ हजार नमुने. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणजे ६ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गायब. 'स'चा सळसळाट आणि झांजेची चमक तिथेच वर असते. ८ बिट म्हणजे आवाजाच्या फक्त २५६ पायऱ्या, त्यामुळे हळू आवाज खरखरीत बुडायचा. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने १६ बिट आणि ४४,१०० नमुने दिले, म्हणजे कागदावर थेट सीडीची गुणवत्ता.

कागदावर, कारण कार्ड बसायचं कॅबिनेटच्या आत. शेजारी पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, पंखा. माइकमधून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की या शेजाऱ्यांची कुजबूज त्यात मिसळते. म्हणजे अडचण आकड्यांची नव्हती, जागेची होती.

दुसरी अडचण वेळेची. हेडफोनमध्ये ढोलकीचा ट्रॅक ऐकत गायचं, तर आपला आवाज लगेच कानात यायला हवा. विंडोज तो मध्ये बराच वेळ अडवून ठेवायचं. १९९७ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्गने अ‍ॅसिओ ही पद्धत आणली आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर थेट कार्डाशी बोलू लागलं. हिशोब सोपा आहे : ४८ हजारच्या दरात १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे साधारण ५. पाच चालतात, एकवीसला गाणारा अडखळतो.

त्याच १९९७ साली इंटेलने एसी'९७ हे मानक आणलं. आवाजाची चिप मदरबोर्डवरच मिळू लागली आणि वेगळ्या कार्डाची गरज संपत गेली. पुढे व्हिस्टाने गेमच्या आवाजाचं हार्डवेअरचं कामही काढून घेतलं. ज्या गेमसाठी साउंड कार्ड जन्मलं, त्यांनाच ते नकोसं झालं.

उरले गाणारे-वाजवणारे. त्यांच्यासाठी कार्ड डब्यातून बाहेर आलं आणि यूएसबीच्या वायरीवर टेबलावर बसलं. २०११ चं फोकसराइटचं स्कार्लेट २आय२ हे त्यातलं गाजलेलं नाव. दोन माइक लागतील असा छोटा लाल डबा. आज दुकानात 'ऑडिओ इंटरफेस' म्हणतात ते हेच.

मला यात एवढा रस का? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात कानबाई बसते. त्या रात्रीची अहिराणी गाणी आमच्या घरात फक्त आजीला सलग येतात. तिच्या सोबतीने म्हणणाऱ्या बायका दरवर्षी कमी होतात. आईला निम्मी येतात, मला चाली तेवढ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि १९९० च्या दशकात त्यातल्या अनेक आवाजातही घेतल्या. ते काम मोठ्या गटाचं. आपल्या ओसरीवरचं आपल्यालाच करावं लागेल.

तर आता खरेदी, इतिहासाने शिकवलेल्या क्रमाने.

एक, कार्ड बाहेरचं घ्या, यूएसबीवर चालणारं. वीज लॅपटॉपमधूनच घेणारं असेल तर लाइट गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. शिवाय ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर चार्जर काढून बघा. अर्थिंग धड नसलेल्या घरात बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

दोन, पैसे माइक प्रीअँपवर घाला. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती कार्डात आहे का बघा. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला भुलू नका, ४८ पुरे.

तीन, २४ बिट मात्र हवंच. कानबाईच्या गाण्यात एक बाई हळू सुरू करते आणि मागून दहा जणी एकदम उचलतात. २४ बिटमध्ये लेव्हल मुद्दाम खाली ठेवता येते, आवाज फाटत नाही. एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ५०० एमबी होतं. आज ती काहीच जागा नाही.

चार, विंडोजवर असाल तर कंपनीचा स्वतःचा अ‍ॅसिओ ड्रायव्हर आहे का विचारा. लिनक्सवाल्यांनी 'क्लास कम्प्लायंट' लिहिलेलं घ्यावं, वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

एकटा आवाज असेल तर एक माइकवालं कार्ड पुरतं. सोबत ढोलकी किंवा दुसरी बाई असेल तर दोन माइकवालं. त्याहून मोठं घेण्याआधी आधीच्या कार्डावर दहा गाणी रेकॉर्ड करा.

आणि यंदाच्या श्रावणाआधी कार्ड नाहीच जमलं, तर पंखा बंद करा, मोबाइल उशीवर ठेवा आणि रेकॉर्ड करा. फाइलच्या नावात गाणाऱ्या बाईंचं नाव, गाव आणि तारीख घाला. कार्ड पुढच्या वर्षी घेता येईल.

भेटू पुढच्या भागात.