निंजापट, अल्पखर्ची

निंजापट, अल्पखर्ची : काळा पोशाख, डोळ्यांपुरती फट ठेवलेला बुरखा, पाठीवर तलवार आणि मुठीत चांदणीच्या आकाराची फेकती पाती, असा जपानी गुप्तयोद्धा ज्याच्या केंद्रस्थानी असतो तो थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकलेला मारधाडपट. या प्रकाराचा बहर १९८० च्या दशकातला. त्याची उगमस्थाने प्रामुख्याने दोन : अमेरिकेतील कॅनन फिल्म्स ही कंपनी आणि हाँगकाँगमधील आयएफडी व फिल्मार्क या संस्था. हे चित्रपट मोठ्या चित्रपटगृहांपेक्षा दुय्यम थिएटरांत, मोटारीत बसून पाहायच्या ड्राइव्ह-इनमध्ये आणि त्याहून अधिक व्हिडिओ कॅसेटवर पाहिले गेले. त्यांची मोहिनी आणि त्यांची लंगडी बाजू एकाच कापडातून बेतलेली आहे आणि ते कापड म्हणजे निंजाचा बुरखा.

इतिहासातील इगा आणि कोगा या प्रदेशांतील हेरांना असा गणवेश असण्याचे कारण नव्हते. हेराने हेरासारखे दिसायचे नसते. १६७६ मध्ये संकलित झालेल्या ‘बान्सेनशुकाई’ या ग्रंथात वेषांतराला मोठे स्थान आहे. भिक्षू, फेरीवाला, फिरता कलावंत अशी रूपे घेऊन शत्रूच्या मुलखात शिरणे हे त्या विद्येचे अंग होते. नखशिखांत काळ्या पोशाखाचा उगम जपानी रंगभूमीत असावा, असे एक प्रचलित मत आहे. काबुकी नाटकात सामान हलवणारे मदतनीस काळ्या कपड्यांत वावरतात आणि ते दिसत नाहीत असे प्रेक्षकाने मानायचे असते. त्यांच्यातल्याच एकाने अचानक हल्ला केला, तर थिएटर दचकणारच. चित्रपटाने ही युक्ती लवकर उचलली. शोझो माकिनो यांच्या १९२१ च्या ‘जिराइया’ या मूकपटात मात्सुनोसुके ओनोए जादूने प्रकट होतो आणि नाहीसा होतो. त्यासाठी कॅमेरा थांबवायचा, नटाला बाजूला करायचे आणि पुन्हा सुरू करायचा, एवढेच लागे. धुराचा लोट उडाला आणि निंजा गायब, हे पुढच्या असंख्य चित्रपटांतले दृश्य त्याच फुकटच्या करामतीचे आहे.

जपानमध्ये याहून गंभीर परंपराही होती. सात्सुओ यामामोतो यांचा ‘शिनोबी नो मोनो’ (१९६२) हा कृष्णधवल चित्रपट निंजाला चमत्कारी वीर न मानता वरिष्ठांच्या कपटाचे प्यादे म्हणून दाखवतो. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६७) या जेम्स बाँडपटाने निंजांची फौज पाश्चात्त्य प्रेक्षकासमोर आणली. १९८० मध्ये एरिक व्हॅन लस्टबाडर यांची ‘द निंजा’ ही कादंबरी आणि चक नॉरिस यांचा ‘द ऑक्टगन’ हा चित्रपट अमेरिकेत आला. ब्रूस ली १९७३ मध्येच गेला होता आणि कुंगफूची लाट ओसरत चालली होती. बाजाराला नवे काहीतरी हवे होते.

ते मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांनी हेरले. १९७९ मध्ये त्यांनी डबघाईला आलेली कॅनन कंपनी विकत घेतली होती. चित्रपट तयार होण्याआधी त्याचे पोस्टर छापायचे, कान चित्रपट महोत्सवाच्या बाजारात ते दाखवून देशोदेशीच्या वितरकांकडून पैसे घ्यायचे आणि त्या पैशांवर चित्रपट काढायचा, ही त्यांची रीत. अशा धंद्याला निंजा फार सोयीचा. पोस्टरवर काळी आकृती आणि तलवार असली की चित्रपट कोणत्या भाषेतला, नट कोण, हे कोणी विचारत नाही.

‘एंटर द निंजा’ (१९८१) हा त्यांचा पहिला प्रयोग. कराटेपटू माइक स्टोन यांच्या मूळ कल्पनेवर तो आधारलेला होता. दिग्दर्शन अखेरीस गोलान यांनी स्वतःकडे घेतले आणि नायक म्हणून इटालियन नट फ्रँको नीरो याला आणले. नीरोला युद्धकलेचा गंध नव्हता, पण त्यावाचून काही अडले नाही. पांढरा बुरखा चढवला की आत स्टोन असे आणि तो उतरवला की बाहेर नीरो. आवाजही दुसऱ्याचाच. म्हणजे नायकाची लढाई एकाची, चेहरा दुसऱ्याचा आणि वाणी तिसऱ्याची. चित्रीकरण फिलिपिन्समध्ये झाले. तिथे मजुरी स्वस्त आणि हिरवेगार रान हाताशी. रात्रीच्या चित्रीकरणाला दिवे लागतात, दिव्यांना पैसे लागतात, म्हणून अंधारात वावरण्यासाठी जन्मलेला हा योद्धा या चित्रपटांत अनेकदा भर दुपारच्या उन्हात, हिरव्या गवतावर काळा पोशाख घालून लपताना दिसतो. चित्रपटाच्या शेवटी नीरो थेट कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मिचकावतो. हा प्रेक्षकाचा अपमान आहे की त्याला कटात सामील करून घेणे आहे, याबद्दल रसिकांत मतभेद असू शकतात. प्रस्तुत लेखक दुसऱ्या बाजूचा आहे.

या चित्रपटाने एक खरा कलावंत पुढे आणला : शो कोसुगी. तोक्योत १९४८ साली जन्मलेला हा कराटेपटू तरुणपणी अमेरिकेत गेला. ‘एंटर द निंजा’मध्ये तो खलनायक आहे, पण श्रेयनामावलीतच काळ्या पार्श्वभूमीवर एकेक शस्त्र चालवून दाखवत तो चित्रपट खिशात घालतो. त्याचे इंग्रजी अडखळते होते आणि अभिनयाचा आवाका बेताचा. पण तलवार म्यानात जाताना त्याचे मनगट जे करते, ते संपादनाने घडवता येत नाही. सॅम फर्स्टेनबर्ग दिग्दर्शित ‘रिव्हेंज ऑफ द निंजा’ (१९८३) मध्ये तो नायक झाला. आशियाई नटाला अमेरिकी चित्रपटात मुख्य भूमिका मिळणे तेव्हा विरळा होते. कुटुंबाची हत्या झाल्यावर अमेरिकेत येऊन बाहुल्यांचे दालन काढणारा बाप, त्याच बाहुल्यांतून हेरॉइन आणणारा विश्वासघातकी मित्र आणि सॉल्ट लेक सिटीतल्या उंच इमारतीच्या गच्चीवरची दीर्घ झुंज, असा हा ऐवज. मित्र स्वतःच मुखवटाधारी निंजा निघतो, त्यामुळे त्याच्या वाटची लढाईही स्टंटमनकडे सोपवता आली. कॅननच्या निंजापटांपैकी एकच पाहायचा असेल तर हा पाहावा.

त्यानंतरचा ‘निंजा ३ : द डॉमिनेशन’ (१९८४) अजबपणात सर्वांवर मात करतो. आरंभी एक निंजा गोल्फच्या मैदानावर कत्तल करतो, पोलिसांच्या असंख्य गोळ्या झेलतो आणि मरता मरता टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणाऱ्या, एरोबिक्स शिकवणाऱ्या तरुणीत आपला आत्मा सोडतो. ल्यूसिंडा डिकीने ही भूमिका केली. ‘द एक्झॉर्सिस्ट’, ‘फ्लॅशडान्स’ आणि निंजापट ही तीन गिऱ्हाइके एकाच तिकिटात ओढण्याचा हा उघड डाव होता. डाव फसला, पण चित्रपट कंटाळवाणा मुळीच नाही. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात अशी कल्पना पहिल्याच बैठकीत कोणीतरी शहाणा मारून टाकतो. इथे तो शहाणा नेमायला पैसे नव्हते, हे प्रेक्षकाचे भाग्य.

धंद्याच्या दृष्टीने चांगलाच फळला तो ‘अमेरिकन निंजा’ (१९८५). ही भूमिका आधी चक नॉरिसला देऊ केली होती, पण चेहरा झाकायला तो तयार नव्हता, असे सांगितले जाते. मग मायकेल डुडिकॉफची निवड झाली. त्यालाही युद्धकला येत नव्हती. फिलिपिन्समधील लष्करी तळावरचा स्मृती हरवलेला सैनिक, लहानपणी एका जपानी गुरूने शिकवलेली विद्या, शस्त्रांची तस्करी आणि मनगटातून लेझर सोडणारा खलनायक-निंजा, एवढ्यावर सुमारे १० लाख डॉलरच्या या चित्रपटाने अमेरिकेत १ कोटीच्या आसपास गल्ला जमवला. डुडिकॉफचा मख्ख चेहरा विस्मृतीच्या कथेला अनपेक्षितपणे शोभून गेला. खरी ऊब मात्र स्टीव्ह जेम्स या कृष्णवर्णी नटाने आणली. पुढच्या भागांतही तो कायम दुय्यमच राहिला, ही या मालिकेची न भरून येणारी चूक. मालिका पाच भागांपर्यंत लांबली. दुसऱ्या भागाचे चित्रीकरण वर्णभेदी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत झाले होते आणि त्या काळी तिथे जाऊन चित्रपट काढणे हे केवळ स्वस्ताईचे गणित नव्हते.

बुरख्याचे अर्थशास्त्र इथे नीट समजून घेतले पाहिजे. चेहरा झाकला की सहा स्टंटमन साठ निंजांचे काम करतात : झाडावरून पडून मेलेला पुन्हा उठून भिंतीवरून उडी मारतो. मेलेल्याला चेहरा नसल्याने त्याची बायको, आई, पोर कोणी आठवत नाही आणि कत्तल हलकीफुलकी राहते. ओळख लपवलेला, एकटा, सर्वांहून सरस योद्धा हे तर पोरवयाचे जुनेच स्वप्न. घरातल्या चादरीतून आणि आईच्या ओढणीतून ते साकारता येते, हे सुपरमॅनच्या बाबतीत तितकेसे खरे नाही. पण त्याच बुरख्यामुळे लढाईत कोण जिंकते आहे, कोणाला लागले, कोण घाबरले हे कळत नाही. डोळ्यांचा एक क्लोजअप, मग लांबून दोन काळ्या आकृत्या, पुन्हा डोळे. चांगल्या हाणामारीत दर फटक्यामागे माणसाचा एक निर्णय असतो, इथे फक्त हालचाल उरते. निंजांना ओळखता यावे म्हणून मग लाल, पिवळे, निळे पोशाख आले आणि गुप्तहेराच्या गणवेशाचा पतंगोत्सव झाला.

दुसरा दोष जास्त खोल आहे. ‘एंटर द निंजा’मध्ये गोरा शिष्य गुरुकुलात सर्वांना मागे टाकतो आणि त्याचा मत्सर करणारा जपानी शिष्य खलनायक ठरतो. ‘अमेरिकन निंजा’ने तर विद्येचे राष्ट्रीयत्वच नावातून बदलून टाकले. कोसुगीच्या वाट्याला नायकपण आले, पण कॅननला लवकरच अमेरिकन चेहरा हवासा झाला आणि तो ‘प्रे फॉर डेथ’ (१९८५) सारखे चित्रपट करण्यासाठी इतरत्र वळला.

हाँगकाँगमध्ये काटकसर तत्त्वज्ञानाच्या पातळीवर गेली. जोसेफ लाय यांची आयएफडी आणि टॉमस टँग यांची फिल्मार्क या संस्था कोरिया, थायलंड, फिलिपिन्स अशा ठिकाणचे पडून राहिलेले किंवा स्वस्तात मिळणारे चित्रपट घेत. गोऱ्या नटांना निंजाचे कपडे चढवून थोडी नवी दृश्ये चित्रित करत, ती मूळ चित्रपटात घुसडत आणि सगळ्यावर नवे इंग्रजी संवाद चढवत. आयएफडीच्या वतीने हे काम मुख्यतः गॉडफ्री हो करी. हा दिग्दर्शक शॉ ब्रदर्स या चित्रसंस्थेत दिग्दर्शक चांग चे यांचा सहायक होता, म्हणजे उत्तम हाणामारी कशी चित्रित करतात हे त्याने जवळून पाहिले होते. दोन चित्रपटांना जोडणारा पूल बहुधा टेलिफोन असे : नव्या दृश्यातला निंजा फोन उचलून जुन्या चित्रपटातल्या माणसाला हुकूम देतो आणि दोघे एका चौकटीत कधीच येत नाहीत. ‘निंजा टर्मिनेटर’मध्ये रिचर्ड हॅरिसन ज्या फोनवर गंभीर चेहऱ्याने बोलतो तो गारफील्ड मांजराच्या आकाराचा आहे आणि शत्रूचा धमकीवजा निरोप घेऊन येतो तो खेळण्यातला यंत्रमानव. या चित्रपटांतील निंजांच्या कपाळपट्टीवर कधी कधी इंग्रजीत ‘निंजा’ असे लिहिलेलेही असते. न जाणो कोणाला शंका राहिली तर. पार्श्वसंगीत परवानगीची फिकीर न करता प्रसिद्ध तबकड्यांवरून उचललेले असे.

यात एका माणसाचे नुकसानही झाले. हॅरिसन हा इटलीतील साहसपटांत नाव कमावलेला अमेरिकी नट. मोजक्या चित्रपटांसाठी त्याने दिलेली दृश्ये कापून-जोडून त्याहून कितीतरी अधिक चित्रपटांत वापरली गेली आणि आपण ज्यांत काम केल्याचे आठवतही नाही अशा चित्रपटांचा तो नायक ठरला. हसून पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. या चित्रपटांना ‘इतके वाईट की चांगले’ म्हणण्याची फॅशन आहे आणि ती आळशी आहे. आयएफडीच्या बहुसंख्य चित्रपटांत पाच मिनिटे धमाल असते आणि उरलेला वेळ दुसऱ्याच कुठल्यातरी रखडलेल्या कथेचा असतो. त्या पाच मिनिटांच्या फिती आज इंटरनेटवर फिरतात, म्हणून पूर्ण चित्रपट सुसह्य होत नाही.

ब्रिटनमध्ये या लाटेचा धसका सेन्सॉरने घेतला. तेथील प्रमुख परीक्षक जेम्स फर्मन यांचा साखळीने जोडलेल्या दांडक्यांवर आणि फेकत्या पात्यांवर विशेष रोष होता. अनेक चित्रपटांतून ती दृश्ये कापली गेली. मुलांच्या ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’ या कार्टून मालिकेच्या नावातील ‘निंजा’ काढून तिथे ‘हीरो’ घालावे लागले.

हिंदी चित्रपटावरही या प्रकाराची सावली पडली. ‘डिस्को डान्सर’चे दिग्दर्शक बी. सुभाष यांच्या ‘कमांडो’ (१९८८) वर ‘अमेरिकन निंजा’चा प्रभाव उघड आहे. नायक मिथुन चक्रवर्ती आणि डॅनी डेन्झोंग्पाच्या खलनायकाचे नावच निंजा. आपल्याकडे मात्र नायकाने चेहरा झाकून लढणे प्रेक्षकाला परवडणारे नव्हते. पैसे मिथुन पाहायचे दिले होते.

१९९० नंतर कॅननची घसरण, व्हिडिओ बाजारातली गर्दी आणि निंजाचे बालचित्रपटांत झालेले रूपांतर यांमुळे हा प्रकार आटला. त्याचा ठसठशीत उत्तरार्ध आयझॅक फ्लोरेन्टीन या दिग्दर्शकाने लिहिला. ब्रिटिश नट स्कॉट ॲडकिन्सला घेऊन केलेल्या त्याच्या ‘निंजा’ (२००९) मध्ये संगणकाने रंगवलेले रक्त इतके आहे की शरीरांचे वजनच जाणवत नाही. ‘निंजा : शॅडो ऑफ अ टिअर’ (२०१३) मध्ये त्याने ती चूक सुधारली. टिम मान यांनी रचलेल्या लढती लांब, सलग चौकटींत दिसतात, कारण ॲडकिन्सला त्या स्वतः करता येतात. अखेरच्या झुंजीत त्याच्यासमोर उभा आहे केन कोसुगी, १९८३ च्या ‘रिव्हेंज ऑफ द निंजा’मध्ये शो कोसुगीच्या मुलाची भूमिका करणारा त्याचा खरा मुलगा. दोघांपैकी कोणाच्याही तोंडावर बुरखा नाही.