प्रतीक्षेचे वाङ्मय : ‘चंद्रकांता’, दूरदर्शन आणि झाडीपट्टीतील श्रोता

वाङ्मयाचा इतिहास ग्रंथाच्या प्रकाशनवर्षापासून मोजण्याची आपली सवय आहे. ग्रंथ केव्हा लिहिला गेला, कोणी छापला, कोणत्या समीक्षकाने त्याचे स्वागत केले किंवा त्याचा अधिक्षेप केला, यांची नोंद आपण काळजीपूर्वक करतो. परंतु एखाद्या आवडत्या ग्रंथाचे दुसऱ्या माध्यमात रूपांतर होणार अशी वार्ता आल्यापासून ते प्रत्यक्ष समोर येईपर्यंतच्या काळात वाचकाच्या मनात जे घडते, त्याची नोंद इतिहासात सहसा होत नाही. हा काळ रिकामा नसतो. त्यात वाचक ग्रंथाकडे परत जातो, आपल्या कल्पनेतील पात्रांना चेहरे देतो आणि ते चेहरे लवकरच हिरावले जाणार या भीतीने त्यांना घट्ट धरून ठेवतो. टोलकीनच्या विश्वावरील मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा आणि हॅरी पॉटरच्या कादंबरीमालेवर नवी दूरचित्रवाणी मालिका करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली तेव्हा जगभरच्या वाचकांत हीच घालमेल दिसली. तिचे स्वरूप आपल्या परिसरात तपासावयाचे तर देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’कडे आणि १९९४ सालाकडे वळावे लागते. त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश ही जागा निवडण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

१

खत्री (१८६१–१९१३) हे व्यवसायाने काही काळ जंगलाचे ठेकेदार होते, ही बाब त्यांच्या अद्भुतकथेच्या आकलनासाठी महत्त्वाची आहे. बनारस संस्थानातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने त्या भागातील डोंगर, खोरी, गुहा आणि पडके किल्ले त्यांनी पायांखाली घातले. हाच भूप्रदेश ‘चंद्रकांता’त नौगढ, विजयगढ आणि चुनारगढ या नावांनी अवतरतो. १८८८ च्या सुमारास आलेल्या या कादंबरीचे चार भाग, त्यानंतरच्या ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग आणि खत्रींच्या निधनामुळे अपुरी राहून त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पूर्णत्वास नेलेली ‘भूतनाथ’ असा हा विस्तीर्ण पट आहे. तो भागाभागांनी वाचकांच्या हाती आला. म्हणजे प्रतीक्षा ही या कथेवर नंतर लादली गेलेली गोष्ट नसून तिच्या रचनेतच ती गुंफलेली आहे.

या कथेतील अद्भुताचे स्वरूपही विचारात घेतले पाहिजे. ऐयार वेष पालटतात, बेशुद्ध करतात, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणतात. तिलिस्माची दारे आपोआप उघडतात, पुतळे हलतात. परंतु यातील बहुतेक चमत्कारांमागे खत्री एखादे यंत्र, एखादे रसायन किंवा एखादी युक्ती ठेवतात आणि योग्य वेळी तिचा उलगडा करतात. अलौकिक वाटणाऱ्या घटनेचे अखेरीस लौकिक स्पष्टीकरण मिळते, अशा कथांचा तोदोरोवने १९७० मध्ये वेगळा वर्ग कल्पिला होता. ‘चंद्रकांता’चा बराचसा भाग त्या वर्गाच्या जवळ जातो. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विस्मय हा स्थायी भाव आहे खरा, पण त्याच्या जोडीला जिज्ञासा सतत जागी असते. वाचक केवळ थक्क होत नाही. हे कसे घडले असेल, याचा तो तर्क करीत राहतो.

प्रतिष्ठित समीक्षेने या ग्रंथाला दिलेली वागणूक सर्वपरिचित आहे. रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात, खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके अन्य कोणी केले नाहीत, हे मोकळेपणाने मान्य केले. पण त्या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत स्थान देण्यास मात्र नकार दिला. मराठीतील परिस्थिती निराळी नव्हती. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी मराठी वाचकाला कादंबरीची गोडी लावली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात या परंपरेतील अस्वाभाविकतेवर बोट ठेवले. तेव्हापासून अद्भुतरम्य कादंबरी हा आपल्या समीक्षेने ओलांडून पुढे जाण्याचा टप्पा ठरला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने (१९१३) मिळवलेल्या वाचकप्रेमानेही हा निवाडा फारसा बदलला नाही. अद्भुताचे वाचक मोजले गेले, पण त्यांचे वाचन अभ्यासले गेले नाही.

२

आता स्थळाकडे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. या दोन्ही जिल्ह्यांत मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया आणि तेलुगू या भाषा शेजारी नांदतात. कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्ग यांच्यामुळे हिंदीही येथे फार पूर्वीपासून रुळलेली आहे. खत्रींच्या कथेला लागणारे सारे साहित्य या भूमीत आधीपासून आहे. वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त येतो. टिपागड, माणिकगड, बल्लारशाचा किल्ला यांच्याभोवती दंतकथांचे जाळे आहे. खांडक्या बल्लाळशहाची व्याधी झरपट नदीच्या पाण्याने बरी झाली आणि एका सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या जागी चंद्रपूरचा कोट उभारला गेला, ही कथा आजही शहरात सांगितली जाते. किल्ला, जंगल, पुरलेले धन आणि त्यावर राखण हे सारे येथल्या श्रोत्याला पुस्तकातून शिकावे लागत नव्हते.

दुसरी गोष्ट प्रेक्षकपणाची. दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा असलेला आणि देसाईगंज (वडसा) येथील मंडळ्यांची नाटके दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर पाहणारा हा प्रदेश आहे. झाडीबोली आणि येथील लोककला यांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी चिकाटीने उभा केला. झाडीपट्टी रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीची दखल दूरवर घेतली गेली. दंडारीच्या प्रेक्षकाला कथानक बहुधा ठाऊक असते. पुढे काय होणार यापेक्षा ते कसे दाखवणार, याकडे त्याचे लक्ष असते.

याउसने १९६७ मध्ये मांडलेली अपेक्षा-क्षितिजाची संकल्पना येथे उपयोगी पडते. नवी कृती वाचकाकडे कोऱ्या मनावर उतरत नाही. आधीच्या कृतींनी घडवलेल्या अपेक्षांच्या क्षितिजावर ती उगवते. मात्र याउसच्या विवेचनात हे क्षितिज प्रामुख्याने वाचलेल्या ग्रंथांनी बनलेले आहे. झाडीपट्टीत ते ऐकलेल्या आणि रात्र जागून पाहिलेल्या गोष्टींनीही बनते, एवढी दुरुस्ती आवश्यक आहे.

३

या ठिकाणी व्यक्तिगत आठवणीचा आधार घेण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. प्रस्तुत लेखकाचे शालेय वय वैनगंगेकाठच्या एका गावात गेले. आजोळच्या घरी ‘चंद्रकांता’चे हिंदी भाग होते. मुखपृष्ठे गेलेली, काही पाने उंदरांनी खाल्लेली. मामा संध्याकाळी ते मोठ्याने वाचत. वाचन हिंदीत, खुलासा झाडीबोलीत आणि मध्येच थांबून श्रोत्यांना प्रश्न, असा तो प्रकार होता. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. कादंबरीतील खोऱ्याचे वर्णन आले की कोणीतरी ओळखीच्या पहाडाचे नाव घेई आणि ते खोरे तेथेच आहे असे सर्वानुमते ठरे.

१९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांची मालिका दूरदर्शनवर येणार असे कळले तेव्हा श्रोत्यांनी धरलेला आग्रह आजही विचार करायला लावतो. मालिका सुरू होण्यापूर्वी पुस्तक संपवा, असे ते मामांना म्हणू लागले. रहस्य आधी कळले तर पाहण्यातली मौज जाईल, ही सुशिक्षित वाचकाची चिंता त्यांना नव्हती. गोष्ट पुरती ठाऊक असल्याखेरीज ती दाखवणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची, हा त्यांचा सवाल होता. ही दंडारीच्या प्रेक्षकाची भूमिका होती. महिनाभर वाचन रोज दुप्पट वेळ चालले. त्या गावात ‘चंद्रकांता’ सर्वाधिक ऐकली गेली ती या प्रतीक्षेच्या काळात.

मालिका रविवारी सकाळी सुरू झाली. गावात दूरचित्रवाणी संच मोजके होते आणि विजेचा भरवसा नव्हता. सात-आठ रविवारांत श्रोत्यांची परीक्षक वृत्ती मावळली. मालिकेत क्रूरसिंहाला मूळ कथेपेक्षा कितीतरी मोठी जागा मिळाली होती. त्याच्या भुवया आणि त्याचा ‘यक्कू’ पोरांच्या तोंडी बसला. पुस्तकात हे नाही, असे मामा म्हणत, तेव्हा प्रथम सर्व दुजोरा देत. पुढे कोणी देईनासे झाले. मग एके दिवशी मामांनी भाग फडताळात ठेवले आणि संध्याकाळचे वाचन बंद पडले. भांडण झाले नाही, कोणी कारणही विचारले नाही.

४

एका गावाच्या आठवणीवर सिद्धान्त उभा राहत नाही, याची जाणीव आहे. तरी तिच्यातून निघणारे प्रश्न टाळता येत नाहीत.

रूपांतराने मूळ ग्रंथ बिघडवला, ही नेहमीची तक्रार येथे अपुरी आहे. मालिकेचे लेखन कमलेश्वरांचे होते. ‘नई कहानी’च्या वास्तववादी चळवळीतील या अग्रणी लेखकाने अद्भुताकडे वळावे, हे शुक्लांच्या निवाड्यानंतरचे एक महत्त्वाचे वळण मानले पाहिजे. शिवाय खत्रींची कथा एका जागी न थांबता वाढणारीच होती. बदल झाला तो अद्भुताच्या व्यापारात. खत्रींचा चमत्कार स्पष्टीकरणाची वाट पाहायला लावतो आणि त्या अवकाशात श्रोता तर्क करतो, आपला पहाड कथेत नेऊन ठेवतो. पडद्यावरचा चमत्कार दिसताक्षणी पूर्ण होतो. खोरे एकदा दाखवले गेले की ओळखीच्या पहाडाला तेथे जागा राहत नाही. गावाने गमावले ते कथेतले आपले सहकर्तृत्व. मात्र मालिकेने दिले तेही नोंदवले पाहिजे. आजोळच्या त्या बैठकीत स्त्रिया ओसरीच्या आतून ऐकत. रविवारी त्या संचासमोर सर्वांच्या बरोबरीने बसल्या.

१९९६ मध्ये मालिका थांबली. त्यानंतर २०११ मध्ये आणि २०१७ मध्ये या कथेवर पुन्हा मालिका आल्या. २०१७ मध्ये तर दोन वाहिन्यांवर दोन. या वेळी माझ्या ऐकण्यात आलेल्या तुलना मूळ कादंबरीशी नव्हत्या, १९९४ च्या मालिकेशी होत्या. रूपांतरच मूळ संहितेच्या जागी बसले होते. अपेक्षेचे क्षितिज सरकते म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

शेवटचा प्रश्न याच वनप्रदेशाचा आहे. लिंगोची गाथा हिस्लॉपने गोंड गायकांकडून मिळवली. त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलने ती १८६६ मध्ये छापली. गुहेत कोंडलेले देव, त्यांची सुटका, मृत्यूनंतर पुन्हा उठणारा नायक हे सारे त्या गाथेत आहे. उद्या कोणी तिची मालिका करायला निघाले तर तिला अद्भुतकथा म्हणण्याचा मोह होईल. परंतु कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी ती अद्भुत नाही, ती श्रद्धेची आणि कुळाची कथा आहे. शिवाय हिस्लॉपचे टिपण हेही एक रूपांतरच होते आणि गायकाला त्याबद्दल काय वाटले हे कोणी लिहून ठेवले नाही. ‘चंद्रकांता’च्या श्रोत्यांबाबत तीच चूक आपण करीत आहोत. त्या संध्याकाळी ऐकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. आपल्या विद्यापीठांतील संशोधकांनी त्यांच्या आठवणी वेळेवर टिपून घेतल्या, तर मराठी प्रदेशातील वाचनाच्या इतिहासात निरक्षर वाचकाचे प्रकरण प्रथमच लिहिले जाईल.

मामांच्या फडताळातील भाग पुढे माझ्याकडे आले. त्यांच्या समासात पेन्सिलीने पहाडांची नावे लिहिलेली आहेत. ती हिंदीत नाहीत.